वीस मिलिसेकंद

फेब्रुवारीत कस्सारीचं आखात गोठतं,
आणि कायनाच्या पोस्टातली मारेट
तिचा जुना लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवून जाते :
"उर्वे, तुला बिनतारीचं कळतं ना,
याचं वायफाय बघ जरा."

बिनतारीचं मला कळतं.
एकोणतीस वर्षं किनाऱ्यावरच्या केबिनमध्ये बसून
टिंब-रेघांवरून ट्रॉलर ओळखले मी.
कोण पिऊन बसलाय, कुणाचा हात नवा,
नाव सांगायच्या आधीच.
पण हे नखाएवढं कार्ड
ताकास तूर लागू देत नाही.

जुनी सिस्टिम पुसली, लिनक्स घातलं.
पडदा आला, आवाज आला,
घड्याळसुद्धा आपोआप बरोबर लागलं.
फक्त कोपऱ्यातला तो पंखा राखाडी.

पहिल्या रात्री कर्नेलमधलंच मॉड्यूल चढवलं.
कार्ड म्हणालं, फर्मवेअर कुठाय?
ते कंपनीच्या कुलपात,
आणि कंपनी मध्यंतरी दोनदा विकली गेलेली.
आठ किलोमीटर बर्फातून वाचनालय गाठलं,
पेनड्राइव्हवर जे मिळेल ते आणलं.
दुसऱ्या रात्री विंडोजचा ड्रायव्हर वेष्टनात गुंडाळून भरवला,
कडू गोळी जॅममधून देतात तसा.
मशीनने गिळला, आणि जागच्या जागी थिजलं.
तिसऱ्या रात्री एक मॉड्यूल काळ्या यादीत, दुसरं वर.
मग उलट.
चौथी रात्र सांगण्यासारखी नाही.

(लॅपटॉपच्या कडेला एक बारकं बटण होतं,
वायरलेस बंद करायचं.
चारही रात्री ते बंदच होतं.
मारेटला बोलू नका.)

बटण सरकवल्यावर कार्ड निदान कण्हू लागलं :
उत्तर नाही, वेळ संपली.
उत्तर नाही, वेळ संपली.

मग ड्रायव्हरचा सोर्सच उघडला.
ती भाषा मला लिहिता येत नाही, वाचता येते,
स्वीडिश येते तशी, हवामानापुरती.
बाराशेव्या ओळीशेजारी कुणीतरी,
पोर्तोचा की पर्थचा, नावाची फक्त तीन अक्षरं,
टिपण ठेवलं होतं :
"हा आकडा घातला की कार्ड जागं होतं.
का, ते ठाऊक नाही. काढू नका."

मला तो माणूस आवडला.
कंपनीने नकाशा दिला नाही,
तर अंधारात भिंत चाचपत
कडीपर्यंत पोचलेला.

त्याच्या खालच्या ओळी वाचता वाचता
माझी बोटं टेबलावर वाजायला लागली.
आकडा आकडा आकडा हुकूम,
मध्ये श्वास म्हणून नाही.
नव्या पोराचा हात!
अक्षराला अक्षर चिकटवणारा.
अशा पोरांना मी ओरडायचे,
टिंब-रेघ कुणीही शिकतं रे, थांबायला शिक.

एक ओळ घातली : वीस मिलिसेकंद थांब.
कंपाइल होईतो भट्टीत बर्चचे दोन ओंडके सारले.

पंखा पांढरा झाला.

मग नावं आली, एकेक,
धुक्यातून बोटी याव्यात तशी.
शाळामास्तर काल्यू. मेंढीवाल्यांचं घर.
"चुकूनही जोडू नका" (हा ताव्हेत, दुसरा कोण).
आणि पार तळाशी, एकच काडी :
मुस्तिक.

मुस्तिक आमची गाय. काळी, एका शिंगाची.
एकाच बादलीत धार काढायचो,
डावीकडून मी, उजवीकडून हिल्या.
हिल्या माझी बहीण, कुरणापलीकडे राहते.
आईचं शिलाई मशीन कुणाचं, यावरून
अकरा वर्षं बोलणं नाही.

सगळ्या नावांपुढे कुलूप.
या एकाची किल्ली मला ठाऊक असावी.
शिंग मोडलं, ते साल. दुसरं काय ठेवणार ती?

चौकटीत रेघ लुकलुकतेय.
मी आधी त्या परक्याच्या टिपणाखाली
माझं टिपण लिहिलं :
"इथे थांबावं लागतं. का, ते मला ठाऊक आहे."

ते त्याला धाडायचं, तर नेटवर्क हवं.
वाचनालय सोमवारी उघडतं.
आज शुक्रवार.